कोंबडीचा चहा

आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात, एक काचेची बरणी आहे. तिच्या तोंडावर जुन्या पंचाचा तुकडा बांधलेला आहे आणि आत चहाच्या रंगाच्या पाण्यावर एक जाड, पांढुरकी, भाकरीएवढी साय तरंगते आहे. पाहुणे आले की त्यांची नजर प्रथम तिच्यावर जाते, आणि मग विचारले तर ते पाणीसुद्धा नको म्हणतात.

ही बरणी आमच्या घरी आली २०२५च्या जानेवारीत, माझ्या भाचीबरोबर. चिमी ही माझ्या दादाची एकुलती एक मुलगी. नोकरी बंगळूरला, नवराही तिथलाच. तिला सातवा महिना लागला आणि पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाचा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. वहिनी २०१६ साली गेली. दादा नागपूरला एकटा, डबा आणून जेवणारा. आई नसली की मुलीच्या माहेराचा पत्ता बदलतो. तो बदलून आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांवर आला. तिथे माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि मी, अशा दोघीच राहतो. मी लग्न केले नाही. लोकसाहित्याच्या पेपरात डोहाळ्यांची गाणी मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. पण प्रत्यक्ष गर्भारशीला संध्याकाळी मळमळले तर काय द्यावे, हे मला ठाऊक नव्हते. आई म्हणाली, ‘मी आहे ना.’ तिच्या त्या तीन शब्दांत मला दिलासाही होता आणि इशाराही.

कल्याण स्टेशनावर आम्ही चिमीला उतरवून घेतले तेव्हा नवऱ्याच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या आणि हिने मात्र पदराआड मूल धरावे तशी एक मुरंब्याची बाटली ओढणीत गुंडाळून छातीशी धरली होती.

आईने विचारले, ‘लोणचं का गं?’

‘नाही आजी, कोंबुचा आहे.’

‘कोंबडीचा? काय कोंबडीचा?’

‘अगं, चहा आहे तो.’

‘कोंबडीचा चहा?’ आईचा आवाज असा चढला की शेजारच्या हमालानेही मान वळवली.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूचे नाव जे पडले ते पडले.

वस्तू म्हणाल तर साधी. साखर घालून कोरा चहा करायचा, निवू द्यायचा, त्यात आधीच्या खेपेचा थोडा आंबट चहा आणि ती साय सोडायची, फडके बांधून आठ-दहा दिवस ठेवून द्यायचे. विरजणाचाच प्रकार. फरक इतकाच, की दही लावण्याचे काम जंतू करतात आणि इथे यीस्ट व जंतू यांचा भागीदारीत धंदा चालतो. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि बुडबुडे तयार करते. जंतू त्या मद्यार्काचे व्हिनेगरमधले आम्ल करतात आणि फावल्या वेळात ती साय विणतात. साय म्हणजे निव्वळ सेल्युलोज, कापसाच्याच जातीचे. हे पेय मूळचे चीनकडचे असे मानतात. रशियात ते ‘चहाची अळंबी’ या नावाने घरोघर असे. आपल्या शहरांत ते अलीकडे बाटल्यांतून आले. चिमीने बाटलीतली साय काचेच्या बरणीत सोडता सोडता सांगितले, ‘आत्या, इंग्रजीत हिला मदर म्हणतात.’ मी ‘अस्सं’ म्हणून पोळ्या लाटू लागले.

आईचा विरोध पहिल्या दिवसापासून होता. ‘सडका चहा गर्भारशीनं प्यायचा?’ मी तिला इडली, ढोकळा, ताक, आंबील यांची आठवण करून दिली. ती म्हणाली, ‘ते आंबवलेलं. हे सडलेलं.’ मराठीची प्राध्यापिका म्हणून मी या दोन धातूंवर बराच विचार केला आणि अशा निष्कर्षाला आले, की आपल्या आईच्या हातून होते ते आंबणे आणि दुसऱ्याच्या घरी होते ते सडणे.

वास्तविक आंबटाशी आईचे काही वैर नव्हते. चिंच, आवळा, कोकम यांची तिने चिमीपुढे रास लावली होती. गर्भारशीला आंबट हवेसे वाटणारच. आमच्या ‘डोहाळे’ या शब्दाचे मूळ संस्कृतातल्या ‘दौहृद’ या शब्दाशी नेऊन भिडवतात. सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. एक तिचे, एक पोटातल्याचे, आणि तिची इच्छा ही त्या दुसऱ्याची इच्छा समजून पुरवावी, असा त्याचा रोख. चरक त्याच्याही पुढे जातो. इच्छा फारच तीव्र असेल तर अहितकारक पदार्थसुद्धा हितकारकात मिसळून द्यावा म्हणतो. हे मी मोठ्या उत्साहाने आईला ऐकवले. ती म्हणाली, ‘चरकाला कोंबडीचा चहा ठाऊक होता का?’

इथपर्यंत सगळे गमतीत चालले होते. पुढे मी जे केले ते मात्र गमतीचे नव्हते.

मी वाचायला बसले. एखादा विषय ठाऊक नसला की टिपणे काढायची, ही आम्हा मास्तर मंडळींची खोड. चार दिवसांत माझी अर्धी वही भरली. दुकानातल्या कोंबुचात मद्यार्क अर्ध्या टक्क्याच्या आत असावा, असा अमेरिकेत दंडक आहे. पण बाटलीत यीस्ट जिवंत असली तर तो नंतरही वाढतो, आणि म्हणून २०१० साली तिथल्या दुकानांनी बाटल्या फळ्यांवरून काढून घेतल्या होत्या. घरच्या बरणीत तो एक टक्का होईल की त्याहून अधिक, हे बरणीच जाणे. आणि गर्भारपणात मद्यार्काची अमुक इतकी मात्रा निर्धोक, असे आजवर कुणी सिद्ध केलेले नाही. चहाचे कॅफिन त्यात थोडेफार उरतेच. गर्भवतीला दिवसाकाठी दोनशे मिलिग्रॅमच्या आत राहा, असे सांगतात. पेय उकळून निर्जंतुक केलेले नसते. फडक्याखाली नको तो पाहुणा शिरला, तर गर्भारशीची प्रतिकारशक्ती आधीच थोडी नमलेली असते. १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हा चहा रोज पिणाऱ्या दोन बायका रक्तात आम्ल साचून अत्यवस्थ झाल्या, त्यांतली एक दगावली. चहामुळेच असे झाले, हे शाबीत झाले नाही; पण नोंद राहिली. ऑस्ट्रेलियात चिनी मातीच्या भांड्यात हा चहा मुरवला, तर आम्लाने लुकणातले शिसे सुटून ते पिणाऱ्यांच्या अंगात भिनले. ती हकिगत १९९८ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

ही शिशाची गोष्ट ऐकून आई प्रथमच खूश झाली. ‘पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, म्हणून आम्ही दर दोन महिन्यांनी कल्हई लावून घेत होतो. तुमच्या शास्त्रज्ञांना आज कळलं होय?’ आता सांगायला हरकत नाही, की आपली लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी चिमीला काढून देऊ करणारी आईच होती. चिमीने काचेचाच हट्ट धरला, म्हणून ती बरणी पुन्हा माळ्यावर गेली.

ही टिपणे मी चिमीला रोज दुपारी चहाच्या वेळी वाचून दाखवत असे. वर्गात हजेरी घ्यावी तशी. ती ऐकून घेई, ‘हं’ म्हणे आणि दर दहा दिवसांनी नवा चहा करून बरणीत ओती. मधल्या दिवसांत बरणीतले पाणी खाली गेलेले असे. मला लाज वाटते सांगायला, पण मी बरणीला एक रबरबँड लावून ठेवले होते, पाणी किती उतरते ते पाहण्यासाठी. एकदा आईने बरणी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. चिमीने एक अक्षर न बोलता ती परत आणली. आठवा महिना लागलेली मुलगी, दोन्ही हातांत ती जड बरणी धरून, पायाखाली बघत.

ते पाहून माझा तोल गेला. मी म्हणाले, ‘तू आता दोन जिवांची आहेस. उद्या काही कमीजास्त झालं, तर जन्मभर स्वतःला दोष देत बसशील.’

तिचा चेहरा एकदम उतरला. ती आत गेली आणि रात्री जेवायला आली नाही. आईने तिच्या खोलीत दूध-पोहे नेऊन दिले आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

रात्री दीडच्या सुमाराला मला स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज आला. उठून पाहते तो चिमी मोरीपाशी उभी. दिवा लावलेला नव्हता. खिडकीतून येणाऱ्या रस्त्याच्या उजेडात ती बरणी कलंडून भांडे भांडे आंबट चहा मोरीत ओतत होती. शेजारी पातेल्यात नवा चहा निवत होता. मी दार लोटले तशी ती दचकली नाही. म्हणाली, ‘आत्या, मी पीत नाही गं. आल्यापासून एक घोट घेतला नाही.’

मी खाली पाटावर बसले. तीही सावकाश खुर्चीत टेकली आणि बोलू लागली. आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते. अकराव्या आठवड्यात सारे संपले. दोघांनी कुणालाच सांगितले नाही, दादालाही नाही. ‘तेव्हा मी रोज दोन ग्लास प्यायचे. मला बरं वाटायचं, ओकारी थांबायची. डॉक्टर म्हणाल्या, त्याचा काही संबंध नाही. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच म्हणाल्या.’

‘मग ही बरणी ठेवलीस कशाला, चिमे?’

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘टाकायला गेले होते एकदा. कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली. तेव्हा वाटलं, मी ही टाकली तर त्याचा अर्थ मीच कबूल केलं.’

मी एवढी वीस-बावीस वर्षे व्याख्याने देते आहे. त्या वेळी मला एक वाक्य सुचेना. माझ्या वहीत एक ओळ होती, जी मी तिला कधी वाचून दाखवली नव्हती, कारण ती माझ्या बाजूची नव्हती. सुरुवातीच्या तीन महिन्यांत गळून जाणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचीच मांडणी चुकलेली असते. आईने काय खाल्ले, काय प्याले याच्याशी त्याचा संबंध नसतो. आणि कोंबुचाविषयी बोलायचे तर, गर्भवती बायकांवर त्याचा रीतसर अभ्यासच झालेला नाही. सांभाळून राहायला एवढे कारण पुरे. पण आरोप ठेवायला ते पुरत नाही. मी इतके दिवस पहिल्याचे दुसरे करून तिला वाचून दाखवत होते. ती ओळ मी त्या रात्री कशीबशी सांगितली. चिमी म्हणाली, ‘मला माहीत आहे, आत्या. माहीत असणं निराळं.’

मग आम्ही दोघींनी मिळून नवा चहा बरणीत ओतला. फडके मी बांधले. सकाळी उठल्यावर रबरबँड काढून टाकले. आईला मी काही सांगितले नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून तिने त्या बरणीबद्दल चकार शब्द काढला नाही. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

एप्रिलमध्ये चिमीला मुलगी झाली. सव्वातीन किलो, भरपूर जावळ, आणि आवाज असा की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘ही आत्याआजीसारखी प्राध्यापक होणार.’

आणि मग आईचे राज्य सुरू झाले. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, जेवणावर बाळंतशोपा, खाटेखाली शेगडी. आठव्या दिवशी ती एक मोठी तपकिरी बाटली घेऊन आली. दशमूलारिष्ट. आमच्या घराण्यात हे बाळंतिणीला अमृत. बेल, शिवण, पाडळ, रिंगणी, गोखरू अशी दहा मुळे, त्यांचा काढा, आणि तो गूळ, मध, मनुका नि धायटीची फुले घालून महिनाभर मुरवलेला. ‘जेवणानंतर चार चमचे, तेवढ्याच पाण्यातून,’ आईने फर्मावले.

चिमी पडल्या पडल्या बाटली फिरवून बघत होती. बाळंतिणीला वाचू देऊ नये म्हणतात ते उगीच नाही. ती म्हणाली, ‘आजी, यावर लिहिलंय, यात आपोआप तयार झालेला मद्यार्क आहे.’

‘काहीतरीच! औषध आहे ते.’

मी चष्मा लावून वाचले. खरेच होते. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच करतात. धायटीच्या फुलांवर यीस्ट असते, गुळावर ती पोसते, आणि मद्यार्क साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या घरात जातो. तो लपवलेला नसतो, लेबलावर छापलेला असतो. आमच्या घरात तीन पिढ्या कुणी लेबल वाचले नव्हते, एवढेच.

आई थोडी गोंधळली, पण हरली नाही. ‘आपोआप झालेली आहे ना? कुणी वरून घातली नाही ना?’

‘आजी, माझ्याही बरणीत कुणी वरून घातली नव्हती.’

मी पाठच्या कागदावर हिशेब मांडला. चार चमचे म्हणजे वीस मिलिलिटर. सात टक्के धरले तर दीड मिलिलिटरच्या आतबाहेर मद्यार्क. कोंबुचाचा पाऊण पेला, अर्धा ते एक टक्का धरला तर पाऊण ते दीड मिलिलिटर. सामना जवळजवळ बरोबरीत सुटला. आई म्हणाली, ‘तुझ्या वेळी मी सव्वा महिना घेतलं होतं. काही झालं का तुला? उलट इतकी शहाणी होतीस, सहा-सहा तास झोपून असायचीस.’

‘आता कळलं,’ चिमी म्हणाली, आणि मग स्वतःच पोट धरून, ‘हसवू नका, टाके दुखतात!’

बाळाला दाखवायला गेलो तेव्हा चिमीने डॉक्टरीणबाईंना दोन्ही बाटल्यांबद्दल विचारले; लपवाछपवी नको म्हणून आईसमोरच. त्यांनी सांगितले, की आईच्या रक्तात जेवढा मद्यार्क, साधारण तेवढाच दुधात उतरतो, आणि रक्तातून ओसरला की दुधातूनही ओसरतो. एक नेहमीच्या मापाचे मद्य घेतले तर निदान दोन तास पाजू नये म्हणतात. ‘तुमचं हे तर त्याच्या दशांशानं आहे. घाबरण्यासारखं काही नाही. पण नवजात बाळाचं यकृत कोवळं असतं, घरच्या बरणीत किती आणि काय काय तयार झालंय ते कुणी मोजलेलं नाही. काही महिने थांबलात तर काय बिघडलं?’ चिमीने मान हलवली. तिचे आधीच ठरले होते; तिला फक्त कुणीतरी न रागावता सांगायला हवे होते. अरिष्टाबद्दल त्या म्हणाल्या, ‘आजी, द्यायचंच असेल तर वैद्यांना विचारून, त्यांच्या मापानं द्या. आपल्या मनानं नको.’

आईला हे लागले. दोन दिवस ती मुकाट्याने लाडू वळत होती. तिच्या बाजूने पाहिले तर रास्तच होते. सुनेच्या मागे सुनेच्या लेकीचे करायचे, आणि त्यातही जे हाताशी होते, ज्याची तिला खात्री होती, तेच कुणी बाजूला सारायचे. तिसऱ्या दिवशी तिने ती तपकिरी बाटली स्वतःच उचलली आणि ओट्याच्या कोपऱ्यात, कोंबडीच्या चहाच्या शेजारी नेऊन ठेवली. ‘राहू देत दोघी एका जागी,’ म्हणाली.

जुलैत चिमी बंगळूरला गेली. कडेवर लेक, दोन हातांना चार पिशव्या. बरणी न्यायला जागा नव्हती. निघताना म्हणाली, ‘आत्या, जमेल तेवढं सांभाळ. मागितलं की एक तुकडा पाठव. नाही जमलं तरी चालेल.’ ते शेवटचे वाक्य ती अगदी सहज बोलली. मी मात्र ते टिपून घेतले.

न जमायला काय झाले? दर दहा दिवसांनी आईच मला आठवण करते, ‘कोंबडीला चहा घालायचाय ना गं आज?’ प्यायचे धाडस आम्हा दोघींनाही नाही. काढलेल्या आंबट चहाचे करायचे काय, हा प्रश्न काही दिवस होता. मग एकदा आईने त्यात फडके बुडवून पितळेची समई घासून पाहिली.

या दिवाळीला आमचे देव, समया, तबक, वहिनीच्या रुखवतातला तांब्या, सगळे असे लखलखले आहे की चिंचेने कधी लखलखले नव्हते. फोनवर लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या चिमीला आईने एकेक भांडे उचलून दाखवले. तिने विचारले, ‘आजी, काय लावलंस गं?’

‘तुझी कोंबडी,’ आई म्हणाली, आणि तांब्या पुसायला लागली.